हातभार लावणाऱ्या तेवीस जणी

४ ऑक्टोबर

टिटवे,

आशीर्वाद आहेतच. दर पत्रात ते नव्याने मोजून पाठवण्याची गरज नाही. तुझं पाकीट फोडलं तेव्हा टेबलावर चिमूटभर वाळू सांडली. ती पुसताना तुझ्या वहिनीने विचारलं, नणंदबाईंनी बेट थोडं थोडं करून इकडे हलवायला घेतलंय का.

काम मला समजलं ते असं, चुकत असेन तर सांग. बेटाच्या पूर्वेला ओहोटीत गाळाचं मैदान उघडं पडतं, तिथे तुम्ही तेवीस जणी शिंपले काढता. दरवर्षी निम्मं मैदान हात न लावता मोकळं ठेवता, म्हणजे लहान शिंपले वाढतात. गेल्या वर्षी ते राखलेलं निम्मं मैदान ठेकेदाराच्या माणसांनी लोखंडी दाताळी घालून दोन दिवसांत खरवडून नेलं, पिल्लांसकट. तुम्ही आडव्या गेलात तर म्हणाले, मैदान कुणाच्या नावावर आहे? ते कुणाच्याच नावावर नव्हतं. आता परवाना समिती ते कुणाच्या तरी नावावर करणार. ठेकेदाराने अर्ज टाकलाय, तुम्हालाही टाकायचाय, आणि तो मी लिहून द्यावा, कारण ‘आपल्यात चांगलं लिहिणारा तू एकटाच’.

हे शेवटचं मी दोनदा वाचलं. स्तुती खरी असली की परत वाचावीशी वाटते.

अर्ज सोबत आहे. दोन रविवार गेले त्यात. समितीतही माणसंच असतात आणि माणूस करुणेने विरघळतो, हे आमच्या शास्त्रकारांनी फार पूर्वी सांगून ठेवलंय. पहिलं वाक्य साडेचार ओळींचं आहे. शेवटी क्रियापद येईपर्यंत वाचणाऱ्याचे डोळे भरून यावेत अशी योजना आहे.

आणि नाहीच जमलं तर सरळ इकडे ये. मागची खोली रिकामी आहे, म्हणजे तिथे माझी पुस्तकं आहेत, पण ती भांडखोर नाहीत.

तुझा
दादा


१२ ऑक्टोबर

दादा,

नमस्कार. अर्ज मुदत संपायच्या आदल्या दिवशी पोचला. त्या वेळी आम्ही सगळ्या मिरचीच्या वाफ्यांत शिंपल्यांची भुकटी मिसळत होतो. ही जमीन नुसती रेताड आहे, शिंपले भाजून, कुटून घातल्याशिवाय मिरचीच काय, गवतही धड येत नाही. तर हात धुतले आणि बांधावर उभं राहून मी तुझा अर्ज मोठ्याने वाचला.

“समुद्रवलयांकित अशा या एकाकी द्वीपावरील आम्ही अल्पमती, निराधार अबला, आपापल्या गृहस्वामींच्या कष्टमय चरितार्थास यथाशक्ति हातभार लावीत...” इथपर्यंत आले आणि सासूबाईंनी खुरपं खाली ठेवलं. म्हणाल्या, “कोण गेलं गं?”

मी म्हटलं, कुणी गेलं नाही, अर्ज आहे. तर म्हणाल्या, “मग एवढं रडायला काय झालं?”

पण दादा, भाषा खरंच भारी आहे. कुणालाच सगळी कळली नाही, त्यामुळे सगळ्यांना वाटलं साहेबांना नक्की कळेल. सगळ्यांनी सह्या केल्या, सासूबाईंनी अंगठा दिला, आणि संध्याकाळच्या होडीने अर्ज गेला.

मागची खोली तुझ्या पुस्तकांनाच राहू दे. बेचाळिसाव्या वर्षी मी तिथे बसून काय करू? तुमच्या नळाला ओहोटी येते का?

टिटवी


३ नोव्हेंबर

दादा,

अर्ज नामंजूर झाला. समितीने काय लिहिलंय ते तसंच उतरवते: “अर्जदार स्त्रिया घरच्या पुरुषांना हातभार लावतात असे त्यांनीच नमूद केले आहे. परवाना मत्स्यव्यवसाय करणाऱ्यांसाठी आहे, हातभार लावणाऱ्यांसाठी नाही.”

पंधरा दिवसांत एकदा फेरअर्ज करता येतो. एकदाच. तो गेला की मैदान ठेकेदाराचं.

तुझ्यावर राग नाही. तू आमच्यासाठी चांगलं मागावं म्हणूनच लिहिलंस. पण दादा, माझ्या नवऱ्याला जाऊन नऊ वर्षं झाली. सासूबाईंच्या नवऱ्याला जाऊन तीस. आमच्यात अकरा जणींचे नवरे तिकडे बंदरावर कामाला आहेत, वर्षातून दोनदा येतात आणि आले की झोपतात. आम्ही नेमका कुणाला हातभार लावतो?

हा अर्ज मी लिहिणार आहे.

टिटवी


९ नोव्हेंबर

टिटवे,

तुझं पत्र मी तुझ्या वहिनीला वाचून दाखवलं. माझी बाजू घेणारं कुणीतरी घरात असावं, एवढाच हेतू. तिने शांतपणे विचारलं, “तुम्ही त्यांना काम करताना कधी बघितलंय का?”

मी विचार केला. तुझ्या लग्नाला आलो होतो त्याला अठरा वर्षं झाली. जाताना आणि येताना होडीच्या काठावरून वाकून समुद्राला जे काही अर्पण केलं, त्यानंतर पुन्हा तिकडे यायचं नाही असं मी ठरवलं. नवरा गेला तेव्हाही तुला पत्रच पाठवलं. चांगलं पत्र होतं ते, माझ्या मते. आता वाटतं, त्यापेक्षा पोटातलं सगळं बाहेर टाकत का होईना, यायला हवं होतं.

म्हणजे असं झालं की जे मी कधी पाहिलं नाही, ते मी साडेचार ओळींत वर्णन केलं. तीस वर्षं मुलांना सांगतोय, श्लोकाचा अर्थ लावायच्या आधी श्लोक वाचा. आणि स्वतः मात्र ग्रंथ न उघडताच त्यावर टीका लिहून मोकळा झालो. बरं, ती टीका ठेकेदाराच्या बाजूने लागली.

तू लिही. मी मधे येत नाही. फक्त एक प्रत मला पाठव, तपासायला नाही, वाचायला. तुम्ही तिथे खरोखर काय करता हे मलाही कळायला हवं. मी ते अजून कधी विचारलेलंच नाही.

दादा


१५ नोव्हेंबर

दादा,

ही घे प्रत. मूळ अर्ज काल गेला.

“साहेब, आम्ही तेवीस बायका शिंपले काढून पोट भरतो. होडी लागत नाही, म्हणून होडीचा नंबर लिहिलेला नाही. पाणी उतरलं की आम्ही उतरतो, चढायला लागलं की वर येतो. महिन्यातून दहा-बारा दिवस चांगली ओहोटी मिळते, बाकीचे दिवस शेती. मैदानात कुठे पाय रुततो आणि कुठे टिकतो हे आम्हाला ठाऊक आहे. प्रत्येकीच्या कमरेला तान्ह्या बाळाच्या हातातली बांगडी बांधलेली असते. शिंपला बांगडीतून आरपार गेला तर तो लहान आहे, तो आम्ही परत पुरतो. अडकला तरच टोपलीत. निम्मं मैदान दरवर्षी मोकळं राखतो. पण राखलेलं दुसरेच येऊन नेतात, कारण त्यांना थांबवायचा हक्क आम्हाला नाही. तो द्यावा. आम्ही कुणाला हातभार लावत नाही. आमचं काम आम्हीच करतो. विश्वास नसेल तर येऊन बघावं.”

बांगडीचं लिहू नको असं दोघी म्हणत होत्या, हसतील म्हणून. सासूबाई म्हणाल्या, हसू देत, मोजमाप तर आहे ना.

येऊन बघावं हे त्यांनी लगेच मनावर घेतलं. कालच अर्ज पोचवला आणि कारकुनाने तिथल्या तिथे तारीख देऊन टाकली. अठ्ठावीस नोव्हेंबर, सकाळी अकरा वाजता पाहणी. साहेब, कारकून आणि हरकत घेणारा म्हणून ठेकेदार.

टिटवी


२० नोव्हेंबर

टिटवे,

अर्ज वाचायला घेताना सवयीने तांबडं पेन उघडलं होतं. दुसऱ्या ओळीला टोपण लावून टाकलं. ‘मोजमाप तर आहे ना’ म्हणणाऱ्या बाईंना माझा नमस्कार सांग. माझ्या वर्गात इतकं नेमकं बोलणारा विद्यार्थी मिळाला असता तर मी मुदतीआधी निवृत्त झालो असतो, समाधानाने.

ती बांगडी डोक्यातून जात नाही. आम्ही लोक ‘प्रमाण’ या विषयावर वर्षानुवर्षं वाद घालतो. तुम्ही ते कमरेला बांधून गाळात उतरता.

पण आता धोक्याची गोष्ट. मी पंचांग पाहिलं. अठ्ठावीसला अमावास्या आहे. तू लहान असताना मी सुट्टीत आपल्या किनाऱ्यावरच्या घरी आलो की तूच मला बोटांवर मोजून दाखवायचीस, की अमावास्येला भर दुपारी बारा वाजता पाणी टम्म भरलेलं असतं. अकराला येऊन समिती काय पाहणार? पाणी. ठेकेदार म्हणेल, कुठलं मैदान? आणि पुन्हा अर्जही करता येणार नाही.

कसं सुटलं हे तुझ्या नजरेतून? मी आजच समितीला पत्र टाकून वेळ बदलून मागतो. यावेळी दोनच ओळी लिहीन, समास एकही नाही. फक्त हो म्हण.

दादा


२३ नोव्हेंबर

दादा,

काही लिहू नकोस. सरकारी माणसांनी स्वतः ठरवलेली वेळ आहे. ती आपण कशी मोडायची? बरं दिसत नाही.

टिटवी


१ डिसेंबर

दादा,

पाहणी झाली. तुझा जीव टांगणीला असेल, म्हणून सविस्तर लिहिते.

बरोबर अकराला लाँच आली. चालवणारा बंदरावरचा होता, पहिल्यांदाच इकडे आलेला. इतकं पाणी बघून खूश झाला आणि लाँच पार आमच्या वाफ्यांच्या खालीच आणून लावली. कारकुनाने विचारलं, “इथे लावली तर चालेल ना?” मी म्हटलं, “तुमची लाँच, तुम्हाला वाटेल तिथे लावा.” खोटं काही बोलले नाही.

साहेब उतरले, समोर बघितलं. म्हणाले, “बाई, मैदान कुठेय?” मी म्हटलं, “खाली आहे.” ठेकेदार इतका हसला की त्याला ठसका लागला. सासूबाईंनी त्याला पाणी दिलं.

मग आम्ही आमची शेती दाखवली. साहेब गावाकडचे निघाले, शेतकऱ्याच्या घरचे. रेतीत मिरची बघून खाली बसले, माती हातात घेतली, भुकटी किती घालता, कधी घालता, विचारत राहिले. बायकांनी पण काही हातचं राखलं नाही, वाफ्यावाफ्याला थांबून सांगितलं. मग चहा झाला. मग जेवण. सासूबाई आग्रह करायला लागल्या की कुणी उठू शकत नाही, तुला लग्नातलं आठवत असेल.

अडीच वाजता मंडळी निघायला उठली, तर लाँच गाळात आडवी पडलेली. चालवणारा तिच्याभोवती फिरत होता, आजारी म्हशीभोवती फिरावं तसा.

साहेब म्हणाले, “आता पाणी कधी येणार?”

मी म्हटलं, “लाँच हलेल एवढं म्हणाल तर रात्री दहा-अकरा.”

“म्हणजे आम्ही अडकलो?”

“अडकलात कसले? मैदानाच्या पलीकडे खोल पाणी आहे, तिथे रोजची प्रवासी होडी उभी करायला सांगते. अर्धा तास चालायचं. पाचला सगळं उघडं पडेल, आम्हाला तसंही उतरायचंच आहे. मात्र आमच्या पावलावर पाऊल ठेवायचं.”

दादा, तू हवा होतास. पुढे सासूबाई, मागे साहेब, पँट गुडघ्यापर्यंत वर, बूट गळ्यात. मग कारकून, फाईल डोक्यावर. मग लाँचवाला. आणि शेवटी ठेकेदार. त्याला वाटलं सरळ गेलं तर जवळ पडेल. चौथ्या पावलाला मांडीपर्यंत आत. दोघींनी ओढला तेव्हा माणूस आला, चप्पल राहिली. सासूबाई त्याला म्हणाल्या, “इथे परवाना मागतोस होय रे, बाळा?” प्रेमाने म्हणाल्या, खरंच.

मग आम्ही कामाला लागलो. ओहोटी कुणासाठी थांबत नाही. साहेब उभे राहून बघायला लागले. बसायला जागाच नव्हती. कुठे खणायचं हे कसं कळतं, विचारलं. गाळावर दोन बारीक भोकं दिसतात ती दाखवली. त्यांनी स्वतः खणून एक शिंपला काढला, माझ्याकडून बांगडी मागून घेतली, लावून बघितली. आरपार गेला. त्यांनी तो परत पुरला आणि वरून हाताने थोपटलं. मग दुसरा काढला. दहा-पंधरा काढले असतील. कारकून म्हणाला, “साहेब, उशीर होतोय,” तर ऐकलंच नाही.

मधेच वर बघून विचारलं, “तुमच्याबरोबर पुरुष कोणी नसतात?”

सासूबाई म्हणाल्या, “आज आहेत की चार. पण कामाचा एकच निघाला.”

साहेब हसले. ठेकेदाराने त्याच गाळाने माखलेल्या पायांवर उभं राहून हरकत नोंदवली, होडी नसलेल्यांना परवाना देण्याची पद्धत नाही म्हणून. साहेबांनी ती लिहून घ्यायला सांगितली. म्हणून निकाल काय लागेल ते सांगता येत नाही. महिन्याभरात कळवतो म्हणाले.

टिटवी


६ डिसेंबर

टिटवे,

तेव्हा तुला पंचांगाची आठवण करून देणारा मी. माशाला पोहण्याचे नियम लिहून पाठवावेत तसं झालं. ‘बरं दिसत नाही’ हे तुझं वाक्य मी तेव्हा भाबडेपणा समजलो आणि तीन दिवस जेवलो नाही. निदान असं तुझ्या वहिनीला सांगितलं. ती म्हणते, दोन पोळ्या कमी खाल्ल्या, एवढंच.

पण चेष्टा बाजूला. पाण्याची वेळ, गाळाची वाट, सासूबाईंचा जेवणाचा आग्रह, सगळं तू तोलून बसली होतीस, आणि त्यात एकही शब्द खोटा नाही. तुम्ही काही सिद्ध करायला गेला नाहीत. नेहमीची कामं नेहमीच्या वेळी केलीत आणि बघणाऱ्यांना जायला वाट ठेवली नाहीत. मी आयुष्यभर विद्वान पाहिले, मुली, मोठमोठ्या सभांत पाहिले. आपलं ज्ञान इतकं पायाखाली घेऊन उभं राहिलेलं कुणी पाहिल्याचं आठवत नाही.

होडीचा मुद्दा मात्र मला छळतो. नियमात तो अडकेल का? कळताक्षणी कळव. उत्तर नकाराचं असलं तरी मी येतो आहे. पोटाला सांगून ठेवलंय.

दादा


३० जानेवारी

दादा,

तू आलास, आठ दिवस राहिलास, आणि तू गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी परवाना आला. सासूबाई म्हणतात, शास्त्रीबुवांनी परतीचं ओकणं दोन दिवस पुढे ढकललं असतं तर त्यांच्या हातूनच घेतला असता.

तेवीस परवाने आहेत. प्रत्येकीचा वेगळा, प्रत्येकीच्या नावाचा. होडीच्या रकान्यात साहेबांनी स्वतः लिहिलंय, ‘आवश्यकता नाही’. मैदानावर कोण कधी उतरणार हे ठरवायचा हक्क पाच वर्षं आमचा.

त्याच संध्याकाळी आम्ही बसलो आणि पहिला ठराव केला. निम्मं मैदान बंद. गेल्या वर्षी खरवडलेली बाजू. तिथे पिल्लं आत्ता कुठे नखाएवढी झालीत. पाऊस येऊन जाईपर्यंत तिकडे कुणी पाय ठेवायचा नाही. काठ्या रोवल्या, फडकी बांधली. कारकुनाचा मग निरोप आला, एवढं भांडून मिळवलंत आणि काढणार नाही म्हणता? मी कळवलं, हो, न काढण्यासाठीच भांडलो होतो.

परवा मोठी ओहोटी होती. आम्ही दुसऱ्या बाजूला उतरायच्या तयारीत होतो, टोपल्या हातात, तेवढ्यात मचवा आला. गेल्या वर्षीचीच माणसं, गेल्या वर्षीचीच दाताळी. तिघे उतरले आणि थेट काठ्यांकडे निघाले. आम्ही काही बोलायच्या आत सासूबाई चालायला लागल्या. त्यांचं वय तुला माहीत आहे. आम्ही मागे जायला लागलो तर हाताने थांबा म्हणाल्या. फडक्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या, गुडघाभर गाळात.

त्यातला एक म्हणाला, “आजी, बाजूला व्हा. रिकामंच तर पडलंय.”

“लेकरं निजलीत,” सासूबाई म्हणाल्या. “दाताळं घेऊन कुठे निघालास?”

तो हसला. “कुणाच्या हुकमाने?”

“माझ्या.”

परवाना त्यांच्या कमरेच्या पिशवीत होता, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला. त्यांनी तो काढलाही नाही. त्याने काठावर रांगेने उभ्या असलेल्या आमच्याकडे बघितलं. मग दाताळं खांद्यावर टाकलं आणि वळला. बाकीचे दोघे त्याच्या मागे.

मचवा दिसेनासा झाला तरी आम्ही हललो नाही. परत आला तर, म्हणून. त्या नादात दुसऱ्या बाजूलाही उतरलो नाही. पाणी आलं, काठ्यांच्या मुळाशी आलं, मग फडक्यांपर्यंत, मग सगळं झाकून गेलं. तेवीस जणी रिकाम्या टोपल्या घेऊन घरी निघालो.

वाटेत सासूबाई माझ्या खांद्यावर हात ठेवून थांबल्या. मला वाटलं, काही दुखलं.

“अगं, जन्मभर गाळ उपसला,” त्या म्हणाल्या, “पण काही न करता इतकं दमायला कधी झालं नव्हतं.”

टिटवी